शिट्टी काय सांगते आणि काय सांगत नाही

तोच कुकर, तीच डाळ, रोजच्याइतक्याच शिट्ट्या. तरीही एखाद्या दिवशी डाळीचा गाळ होतो आणि एखाद्या दिवशी दाणा दाताखाली येतो. स्वयंपाक करणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव आलेला असतो. अशा वेळी दोष डाळीला जातो, पाण्याला जातो, नाहीतर कुकर जुना झाला असं म्हटलं जातं. कधीकधी त्यात तथ्यही असतं. पण पहिली शंका घ्यायला हवी ती आपल्या मोजमापावर. शिट्टी हे शिजण्याचं माप नाही. आतला दाब ठरलेल्या मर्यादेपर्यंत पोचला आणि जादा वाफ बाहेर पडली, एवढंच ती सांगते. अन्न शिजतं ते तापमानावर आणि त्या तापमानात काढलेल्या वेळावर. शिट्ट्यांच्या संख्येत वेळ कुठेच मोजलेला नसतो.

हे समजून घेण्यासाठी आधी उघड्या पातेल्याकडे बघू. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं. एकदा उकळी फुटली की आच कितीही वाढवा, पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही. मग ती जादा उष्णता जाते कुठे? पाण्याची वाफ करण्यात. आणि या कामाला उष्णता फार लागते. एक ग्रॅम पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता तेच उकळतं पाणी वाफेत बदलायला लागते. म्हणून खळाखळा उकळणारं पातेलं आणि मंद उकळणारं पातेलं यांत अन्न जवळजवळ सारख्याच वेळात शिजतं. फरक पडतो तो आटणाऱ्या पाण्यात आणि इंधनात.

उंचावर तर हे १०० अंशही मिळत नाहीत. वर जावं तशी हवा विरळ होते, तिचा पाण्यावरचा दाब कमी होतो आणि पाणी लवकर उकळायला लागतं. साधारण दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू एक अंशाने उतरतो. ३००० मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं. डोंगरावर कडधान्य तासन् तास उकळूनही कडक राहतं, ते यामुळे.

कुकर याच्या उलट करतो. झाकण घट्ट बसलं की वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाण्याला उकळायला जास्त तापावं लागतं. बाहेरच्या हवेचा जेवढा दाब आहे तेवढाच आणखी दाब आत तयार झाला, तर पाणी १२० अंशांच्या आसपास जातं. चुलीवर वापरायचे बरेच कुकर याच मर्यादेच्या जवळपास चालतात. विजेवर चालणाऱ्या कुकरांत दाब बहुधा थोडा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे त्यांना काही मिनिटं जास्त लागतात.

वीस अंशांनी एवढा फरक का पडावा? शिजणं म्हणजे रासायनिक बदल. वनस्पतींच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन विरघळणं, मांसातल्या चिवट तंतूंचं जिलेटिन होणं, हे ते बदल. अशा क्रियांचा वेग ठोकळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होतो. वीस अंश वाढले की वेग चौपटीच्या घरात जातो. पाऊण-एक तासाचं काम पंधरा मिनिटांवर येतं ते एवढ्यामुळे. वाफेत वेगळी जादू काही नाही.

डेनिस पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनमध्ये असं भांडं पहिल्यांदा तयार केलं. हाडंसुद्धा मऊ होतील असा त्याचा दावा होता आणि रॉयल सोसायटीच्या सदस्यांनी त्यात शिजवलेलं जेवण खाल्लंही. पण मला त्याचं मोठेपण वाटतं ते झडपेत. कोंडलेली वाफ भांडं फोडू शकते, हे ओळखून त्याने ठरावीक दाबाला आपोआप उघडणारी झडप बसवली. आजच्या कुकरच्या झाकणावरचा प्रत्येक भाग त्याच विचाराने बनलेला आहे.

शिट्टीचं वजन

झाकणाच्या मधोमध एक बारीक नळी आणि तिच्या तोंडावर बसलेलं वजन. आपण त्याला शिट्टीच म्हणतो. वाफ त्या वजनाला खालून ढकलते. ढकलण्याचा जोर वजनापेक्षा जास्त झाला की ते उचललं जातं, वाफ सुटते, दाब जरा उतरतो आणि वजन परत बसतं. म्हणजे कुकरचा दाब दोन गोष्टींवर ठरतो: वजन किती आणि त्याखालचं भोक केवढं. भोकाचा व्यास ३ मिलिमीटर असेल, तर हवेच्या दाबाइतका जादा दाब थोपवायला सुमारे ७५ ग्रॅमचं वजन पुरतं. भोक ४ मिलिमीटरचं असेल, तर तेवढ्याच दाबाला १३० ग्रॅमच्या आसपास वजन लागेल. एका कुकरची शिट्टी दुसऱ्यावर बसवू नका असं सांगतात, त्यामागे हा साधा हिशेब आहे. बसते छान, पण दाब भलताच होतो. कमी झाला तर अन्न शिजत नाही, जास्त झाला तर कुकर ज्यासाठी बनवलाच नाही तेवढा ताण त्याच्यावर येतो.

या हिशेबात आच कुठेच आली नाही, हे लक्षात घ्या. मोठ्या आचेने कुकर आत जास्त तापत नाही, फक्त जास्त वाफ बाहेर फेकतो. समजा, दोन घरांत सारखेच कुकर आहेत आणि दोघांनाही पाच शिट्ट्या करायच्या आहेत. एका घरी आच मोठी ठेवली, तर त्या पाच शिट्ट्या पाच मिनिटांत आटपतील. दुसऱ्या घरी पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक केली, तर त्याच पाच शिट्ट्यांना वीस मिनिटंही लागतील. दोन्हीकडे पाच शिट्ट्या झाल्या, पण दुसरीकडचं अन्न चौपट वेळ शिजलं. कुकरात माल कमी-जास्त असला, बर्नर बदलला, रबर थोडं ढिलं झालं, तरी दोन शिट्ट्यांमधलं अंतर बदलतं. म्हणून 'पाच शिट्ट्या' हा निरोप एका घरातून दुसऱ्या घरात नेला की बिघडतो. आपल्याच घरात तो चालतो, कारण तिथे बर्नर, कुकर आणि सवय ठरलेली असते.

त्याऐवजी मिनिटं मोजावीत, असं माझं ठाम मत आहे. दाब येईपर्यंत आच मोठी ठेवावी. वाफ जोरात सुटायला लागली की आच एवढी बारीक करावी, की दाब टिकेल पण शिट्टी क्वचितच उचलली जाईल. तिथून घड्याळ लावावं. काही कुकरांत शिट्टी होतच नाही, वजन नुसतं डुलत राहतं. काहींत स्प्रिंगची झडप असते आणि दाब दाखवणारी दांडी वर येते. त्यांनाही हीच पद्धत लागू पडते. पहिले काही दिवस आपल्या नेहमीच्या पदार्थांची मिनिटं लिहून ठेवली, की नंतर अंदाजाचं काम उरत नाही.

याचा एक फायदा चटकन दिसत नाही. शिट्टीगणिक पाणी बाहेर जातं. मोठ्या आचेवर भराभर शिट्ट्या होत राहिल्या की तळाचं पाणी संपतं आणि अन्न बुडाला लागतं. कुकरात करपलेल्या पदार्थांची चौकशी केली, तर बहुतेक वेळा हेच निघतं.

हवेचा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारात घेत नाही. झाकण लावताना कुकरात हवाही कोंडली जाते. ती बाहेर न काढता दाब वाढू दिला, तर झडप उचलली जाते ती हवा आणि वाफ यांच्या एकत्रित दाबाने. तापमान मात्र फक्त वाफेच्या वाट्याच्या दाबावर ठरतं. एकूण दाब हवेच्या दाबाच्या दुप्पट असेल आणि त्यात पाव हिस्सा हवेचा असेल, तर आतलं तापमान १२० नसतं, ११२ च्या आसपास असतं. म्हणून शिट्टी वेगळी निघणाऱ्या कुकरात आधी नळीतून वाफेचा सरळ, जोरदार झोत येऊ द्यावा आणि मगच ती बसवावी. शिट्टी झाकणालाच जोडलेली असेल, तर पहिल्या एक-दोन शिट्ट्यांबरोबर हवा निघून जाते. तेवढं झाल्यावर आच बारीक करणं चांगलं.

झाकण आणि त्यामागची ताकद

कुकरची भीती वाटणारे पुष्कळजण आहेत आणि त्या भीतीला हसू नये. आकडाच तसा आहे. २० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर, हवेच्या दाबाइतका जादा दाब असताना, आतून पडणारा जोर ३०० किलोच्या वर जातो. झाकणाचे खाचे किंवा आतून बसणाऱ्या झाकणाची कड हा सगळा भार पेलत असते. आतून बसणारं झाकण लंबगोल असतं. वाफ त्याला वर, तोंडाच्या कडेवर दाबून धरते, त्यामुळे दाब असताना ते निघतच नाही. बाहेरून बसणाऱ्या झाकणात तेच काम खाचे आणि कुलपाचा खटका करतात.

दाब असताना झाकण उघडलं तर काय होतं, हे कळलं की कोणी घाई करणार नाही. आतलं पाणी १२० अंशांवर असतं. दाब अचानक गेला की त्याला १०० वर यावंच लागतं आणि ती जादा उष्णता वाफ बनून सुटते. आत २ लिटर पाणी असेल, तर सुमारे ७५ ग्रॅम पाण्याची क्षणात वाफ होते. ऐकायला थोडं वाटतं, पण ७५ ग्रॅम पाण्याच्या वाफेला १२० लिटरपेक्षा जास्त जागा लागते. ती बाहेर पडताना गरम अन्न बरोबर घेऊन येते. झाकण निघत नसेल तर ते आत दाब असल्यामुळे निघत नाही, असंच समजावं. थांबावं. जोर लावू नये, दांड्यावर काही आपटू नये.

हीच गोष्ट लहान प्रमाणात दाब झटकन काढतानाही घडते. कुकर थंड पाण्याखाली धरला की आतलं पाणी भांड्यातच उसळून उकळतं. कडधान्यांची सालं फाटतात, बटाटे फुटतात, आणि रसरशीत राहायला हवं असलेलं मांस कोरडं पडतं. पानं किंवा कोवळ्या शेंगांसारख्या भाज्यांना मात्र दाब लगेच काढलेलाच बरा, नाहीतर दाब उतरेपर्यंत त्या शिजत राहतात आणि त्यांचा लगदा होतो. दाणे अख्खे राहावेत असं वाटत असेल, तर कुकर आपोआप निवू द्यावा. निवण्याची ती दहा-पंधरा मिनिटंही शिजण्याचीच असतात, तेवढा वेळ आधीच कमी धरावा.

फेसाची कथा वेगळी. डाळी शिजताना स्टार्च आणि प्रथिनांमुळे फेस येतो, तो वर चढतो आणि शिट्टीच्या नळीत जाऊन बसतो. नळी तुंबली की वाफेला वाट उरत नाही. म्हणून कुकर कधीच दोनतृतीयांशापेक्षा जास्त भरू नये, आणि फेसाळणारे किंवा फुगणारे पदार्थ अर्ध्याच्या वर नकोत. चमचाभर तेलाने फेस बराच आटोक्यात राहतो. झाकण लावण्याआधी नळी उजेडाकडे धरून पलीकडचं दिसतं का हे बघायला दोन सेकंद लागतात.

नळी तुंबलीच, तर शेवटचा रखवालदार म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. काही कुकरांत त्यात कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू असतो. पाणी संपून कुकर बेसुमार तापला किंवा दाब फार वाढला, की तो वितळतो आणि वाफेला वाट मोकळी होते. तो उडाला म्हणजे कुकर वाईट निघाला असं नाही. त्याने नेमकं त्याचं काम केलं. मात्र त्या जागी त्याच कुकरसाठी बनवलेला व्हॉल्व्हच बसवावा. स्क्रू, तार, डाग देऊन बुजवणं, यातलं काहीही करू नये. गॅस्केट, म्हणजे झाकणातलं रबर, कडक झालं, चिरलं, ताणून सैल झालं, की कडेने वाफ जाते आणि दाब धरत नाही. त्यावर झाकण आवळून बसवणं हा उपाय नाही, नवीन गॅस्केट हाच उपाय.

तरीही शिजत नाही तेव्हा

वेळ नीट मोजला, दाब नीट आला, तरी काही कडधान्यं हटून बसतात. जुनी कडधान्यं, विशेषतः उष्ण आणि दमट जागी साठवलेली, हळूहळू अशी कडक होतात की भिजवूनही पूर्ण मऊ होत नाहीत. त्यांना जास्त वेळ द्यावा, एवढंच हाती असतं. पाणी जड असेल, तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पेक्टिनला आणखी घट्ट करतं. आंबट पदार्थही तेच करतात, म्हणून टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर दाणे मऊ झाल्यावर घालावं. मिठाबद्दल मात्र उगाच गैरसमज आहे. भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातलं, तर सोडियम सालातल्या कॅल्शियमची जागा घेतो आणि साल उलट मऊ होतं. चिमूटभर खाण्याचा सोडाही शिजणं भराभर करतो, पण जास्त झाला तर चव साबणासारखी लागते आणि ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

राजम्याबाबत एक गोष्ट गंभीरपणे सांगायला हवी. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. त्याने उलट्या-जुलाबाचा जोरदार त्रास होतो. ते नष्ट व्हायला राजमा खळखळत्या उकळीत किमान दहा मिनिटं राहायला हवा. कुकरात हे सहज साधतं. खूप मंद आचेवर, उकळी न येता तासन् तास ठेवलेल्या राजम्यात मात्र ते टिकून राहू शकतं, दाणे मऊ झाले तरी.

कुकरात जे होत नाही, तेही माहीत असावं. खरपूस रंग आणि भाजल्याचा वास ओलाव्यात, १२० अंशांवर फारसा येत नाही. त्यासाठी पृष्ठभाग कोरडा आणि १४० अंशांच्या पुढे लागतो. म्हणून कांदा, मसाला किंवा मांस आधी उघड्यावर परतून घ्यावं, मग पाणी घालून झाकण लावावं. परतताना तळाला धरलेलं सगळं त्या पाण्याने खरवडून सोडवावं. नाहीतर तेच आधी करपतं.

बाकीची भांडी

कढई, तवा, पातेलं यांच्याबद्दल बहुतेक तक्रारी दोनच: एका जागी करपतं आणि चिकटतं.

पहिलीचं कारण धातूत आहे. तांबं उष्णता फार वेगाने पसरवतं, ॲल्युमिनियम त्याच्या निम्म्याच्या आसपास, ओतीव लोखंड म्हणजे बीड त्याहून बरंच कमी. स्टेनलेस स्टील तर ॲल्युमिनियमच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्वाळेच्या बरोबर वरचा भाग भाजतो आणि कड कोमट राहते, ती यामुळे. चांगल्या स्टीलच्या भांड्याच्या बुडात ॲल्युमिनियमचा थर दाबून बसवलेला असतो. तो असेल तर स्टीलसारखं सोयीचं भांडं नाही: आंबटाला घाबरत नाही, घासायला सोपं. बिडाचा तवा उष्णता सावकाश पसरवतो, पण जड असल्यामुळे धरून ठेवतो. थंड पीठ किंवा मांस पडलं तरी तो लगेच गार होत नाही. त्याला तापायला वेळ द्यावा, तोही मध्यम आचेवर.

चिकटण्याचं उत्तर तापमानात आहे. प्रथिनं गरम होताना धातूला धरतात. भांडं आधी नीट तापलेलं असेल, तर पदार्थाचा पृष्ठभाग लवकर भाजून कोरडा होतो आणि मग आपोआप सुटतो. उलटायला गेलं आणि सुटेना, तर बहुधा घाई झालेली असते. स्टील तापलं की नाही हे पाण्याच्या थेंबावरून कळतं. थेंब पसरून चरचरला, तर अजून वेळ आहे. गोळी होऊन पळायला लागला, तर भांडं २०० अंशांच्या आसपास पोचलं. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो धातूला टेकतच नाही. योहान लायडेनफ्रॉस्ट याने १७५६ मध्ये याचं वर्णन केलं आणि त्याचंच नाव या परिणामाला आहे. थेंब पळाला की आच जरा कमी करून तेल घालावं, कारण काही तेलं एवढ्या तापमानाला धुरायला लागतात.

नॉनस्टिकवर ही परीक्षा अजिबात करू नये. त्याचा लेप २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो. मोठ्या आचेवर रिकामं ठेवलेलं पातळ भांडं काही मिनिटांत तिथे पोचतं. फार तापल्यावर त्यातून निघणाऱ्या वायूंनी पिंजऱ्यातले पक्षी दगावतात, माणसालाही त्रास होतो. मंद ते मध्यम आच आणि लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा, एवढ्यावर ते चांगलं टिकतं. तांब्याच्या भांड्याच्या कल्हईलाही अशीच मर्यादा आहे: कथील २३२ अंशांना वितळतं.

ॲल्युमिनियमचा कुकर आतून काळा पडला की लोक धास्तावतात. तो पाण्यातल्या क्षारांमुळे पृष्ठभागावर आलेला थर असतो, अपायकारक नसतो. लिंबाची सालं किंवा व्हिनेगर घालून पाणी उकळलं की बराच जातो. स्टीलवर दिसणारी इंद्रधनुषी झाक म्हणजे उष्णतेने वाढलेला ऑक्साइडचा पातळ पापुद्रा, तीही व्हिनेगरने जाते. स्टीलच्या तळावरचे बारीक पांढरे खड्डे मात्र कायमचे. थंड पाण्यात टाकलेलं मीठ न विरघळता तळाशी बसलं की ते पडतात, म्हणून मीठ उकळी आल्यावर घालून ढवळावं.

तापलेलं भांडं थंड पाण्याखाली धरण्याची सवय सर्वात जास्त नुकसान करते. बीड तडकतं, पातळ बूड वाकतं. बूड वाकलं की सपाट विजेच्या शेगडीवर भांडं मधोमध किंवा कडेलाच टेकतं आणि उरलेल्या भागाला उष्णता पोचत नाही. पाणी संपून कोरडा तापलेला कुकर याला सर्वात लवकर बळी पडतो. असा कुकर निवल्यावर सपाट ओट्यावर ठेवून डुगडुगतो का ते बघावं. शिवाय गॅस्केट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय तो पुन्हा दाबावर चढवू नये, कारण त्या तापातून तेही गेलेले असतात.